गाभण उंदीर, ससे आणि हृदयाचे औषध: गर्भावरच्या चाचण्या कशा करतात आणि कशा वाचाव्यात

हृदयाची बरीचशी औषधे दोनपैकी एक काम करतात: रक्तवाहिन्या सैल करतात, नाहीतर ठोक्याचा वेग किंवा ताल बदलतात. गरोदरपणात या दोन्ही गोष्टींचा संबंध पोटातल्या जिवाशीही येतो. आईचा रक्तदाब घसरला की गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होते. औषध वार (आई आणि गर्भ यांना जोडणारा अवयव) ओलांडून पलीकडे गेले, तर ते गर्भाच्या हृदयावर किंवा मूत्रपिंडावर थेट काम करू लागते. पंचाईत अशी की या दोन वाटांनी झालेले नुकसान वरून सारखेच दिसते. कमी वजनाची पिल्ले, अर्धवट बोटे, गर्भाशयातच मेलेले गर्भ. त्यामुळे ‘व्यंग दिसले का’ एवढ्या एका प्रश्नावर या चाचण्यांचे काम भागत नाही. नुकसान कोणत्या वाटेने झाले, गर्भाच्या वाढीच्या कोणत्या दिवशी झाले आणि तेव्हा रक्तात औषध किती होते, हे कळल्याशिवाय व्यंगांच्या तक्त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

दोन प्राणी का लागतात

रासायनिक औषधाची गर्भावरची चाचणी साधारणपणे दोन जातींत करतात. एक म्हणजे मोठा पांढरा उंदीर, ज्याला प्रयोगशाळेत रॅट म्हणतात, आणि दुसरा ससा, बहुतेक वेळा न्यूझीलंड व्हाइट जातीचा. ही जोडी पक्की व्हायला थॅलिडोमाइड कारणीभूत आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले हे झोपेचे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घ्यावे लागले, तोवर हजारो मुले आखूड किंवा अर्धवट हातापायांनी जन्मली होती. नंतर प्राण्यांत तपासले तेव्हा रॅटच्या पिल्लांत ती व्यंगे दिसेनात, सशांत मात्र दिसली. एका जातीत सगळे ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हा नियम तिथून रुजला.

आज अनेक देश आयसीएच या, औषधांचे नियम देशोदेशी सारखे ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘एस५’ या मार्गदर्शक सूचना पाळतात. त्यांची तिसरी सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. तीत प्रजननाचे टप्पे वाटून दिले आहेत: वीण होण्याआधीपासून गर्भ रुजेपर्यंत, रुजल्यापासून अवयव तयार होईपर्यंत, आणि पुढे जन्म व दूध तुटेपर्यंत. पहिल्या टप्प्याबद्दल इथे बोलत नाही. हृदयाच्या औषधांच्या बाबतीत खरी गुंतागुंत पुढच्या दोनांत आहे.

दिवसांचे गणित

रॅटचे गाभणपण २१ ते २२ दिवसांचे असते. संध्याकाळी मादीला नराजवळ सोडतात आणि सकाळी तिच्या योनीतला द्रव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शुक्रजंतू दिसले की तो दिवस शून्य. गर्भ रुजतो साधारण ६व्या दिवशी आणि टाळू जुळून येते १७व्या दिवसाच्या सुमारास. म्हणून औषध ६व्या ते १७व्या दिवसापर्यंत रोज देतात आणि २०व्या किंवा २१व्या दिवशी, म्हणजे प्रसूतीच्या तोंडावर, मादीला मारून गर्भाशय उघडतात. सशाचे गाभणपण ३१ दिवसांच्या आसपास. त्यात औषध ६व्या किंवा ७व्या दिवसापासून १९व्या दिवसापर्यंत आणि तपासणी २८व्या किंवा २९व्या दिवशी.

प्रसूतीची वाट का पाहत नाहीत? कारण उंदरीण मेलेली किंवा व्यंग असलेली पिल्ले जन्मल्याबरोबर खाऊन टाकते. जे मोजायचे तेच नाहीसे होते.

गट चार असतात. एकाला औषध न घातलेले नुसते द्रावण, बाकी तिघांना कमी, मधला आणि जास्त डोस. प्रत्येक गटात तपासणीच्या दिवशी किमान १६ गाभण माद्या हाती लागाव्यात अशी अपेक्षा असते. सगळ्याच माद्यांना गर्भ राहत नाही, म्हणून सुरुवात २० ते २५ माद्यांपासून करतात. त्याआधी दर गटात ६ ते ८ माद्या घेऊन एक छोटी चाचणी होते. डोस कुठे ठेवायचा हे तिथे ठरते.

आकडेमोडीतली एक मोठी चूक इथेच सांगतो. एका रॅटला १२-१४ पिल्ले होतात, म्हणजे २० माद्यांच्या गटात अडीचशेच्या वर गर्भ. मोजणीचे एकक मात्र मादी असते, गर्भ नव्हे. एकाच मादीच्या सहा पिल्लांत व्यंग निघाले, तर तो प्रसंग एक. सहा वेगवेगळ्या माद्यांच्या एकेका पिल्लात निघाले, तर ते सहा. गर्भांची संख्या धरून टक्केवारी काढली की एका आजारी मादीमुळे अख्खे औषध बदनाम होऊ शकते.

डोस ठरवणे: सगळ्यात अवघड भाग

जास्तीत जास्त डोस असा असावा की मादीला थोडा त्रास जाणवेल, तिची वजनवाढ जरा मंदावेल, पण ती कोलमडणार नाही. हृदयाच्या औषधात ही रेघ फार बारीक असते. रक्तदाब उतरवणे हेच औषधाचे काम असल्यामुळे डोस वाढवताच निरोगी मादीचा दाब गरजेपेक्षा खाली जातो. ती सुस्त होते, खात नाही, गर्भाशयाला रक्त कमी पडते. मग पिल्लांत जे दिसते ते औषधाने झाले की उपासमारीने, हे सांगता येत नाही. ससा तर याबाबतीत फार नाजूक. त्याचे पचन मोठ्या अंधांत्रातल्या (आतड्याच्या पिशवीसारख्या भागातल्या) जिवाणूंवर चालते, आणि खाणे सलग काही दिवस कमी झाले की सशिणीचा गर्भपात होतो. म्हणून रोजचे खाणे वजन करून नोंदवतात. ही नोंद नसेल तर सशांतल्या गर्भपाताच्या आकड्याला फारशी किंमत नाही.

मादीचे वजन बघतानाही एक मेख आहे. गाभण मादीचे वजन पिल्लांमुळे वाढतच असते. खरे काय झाले ते कळण्यासाठी शेवटच्या वजनातून पिल्लांसकट गर्भाशयाचे वजन वजा करतात.

औषध बहुधा नळीने थेट पोटात सोडतात, रॅटला दर किलो वजनामागे साधारण १० मिलिलिटरपर्यंत. म्हणजे २५० ग्रॅमच्या मादीला अडीच मिलिलिटर. वजन वाढेल तसे हे प्रमाण पुन्हा काढावे लागते, नाहीतर शेवटच्या आठवड्यात डोस न कळत कमी पडतो. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर मादी दगावते. शवविच्छेदनात फुप्फुसात द्रव सापडला की कारण उघड होते, पण ते न पाहता नोंद झाली तर तो मृत्यू औषधाच्या खात्यावर चढतो.

रक्तातली पातळी मोजायला रॅटच्या वेगळ्या माद्या ठेवतात. मुख्य गटातल्या छोट्या मादीचे वारंवार रक्त काढले तर तोच एक नवा ताण होतो. पातळी पहिल्या आणि शेवटच्या डोसच्या दिवशी, चोवीस तासांत अनेकदा मोजतात, आणि वेळ व पातळी यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढतात. तुलना या क्षेत्रफळांची करायची, मिलिग्रॅमची नाही. उंदीर बरीच औषधे माणसापेक्षा झपाट्याने मोडतो, त्यामुळे किलोमागे कित्येक पट डोस देऊनही त्याच्या रक्तात औषध माणसापेक्षा कमी असू शकते.

याचे उत्तम उदाहरण बोसेंटान. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब उतरवणारे हे औषध रॅटमध्ये डोके, तोंड, चेहरा आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या यांची व्यंगे घडवते. सशांना रोज किलोमागे १,५०० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही व्यंग दिसले नाही. वरकरणी वाटेल की ससा सुटला. पण सशांच्या रक्तातली पातळी रॅटएवढी पोचलीच नव्हती. ज्या एंडोथेलिन यंत्रणेला हे औषध अडवते, तिची जनुके निकामी केलेल्या छोट्या उंदरांतही (माउस) तशीच व्यंगे दिसतात. अशा वेळी सशाच्या स्वच्छ निकालाला कोणी दिलासा मानत नाही.

तपासणीच्या टेबलावर

मादीचे पोट उघडल्यावर आधी अंडाशयांवरचे पीतपिंड मोजतात. जितकी अंडी सुटली, तितके पीतपिंड. मग गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे लांबट फाट्यांत, रुजलेल्या जागा मोजतात: जिवंत गर्भ, मेलेले गर्भ, लवकर विरघळलेले, उशिरा विरघळलेले. पीतपिंड १५ आणि रुजलेल्या जागा १३, तर दोन रुजण्याआधीच गेले. १३ पैकी ११ जिवंत, तर दोन रुजल्यानंतर गेले. औषध ६व्या दिवसानंतर सुरू झाले असेल, तर पहिल्या प्रकारची हानी त्याच्या माथी मारता येत नाही.

एखादे गर्भाशय साफ रिकामे दिसते. ते लगेच ‘गाभण नव्हती’ म्हणून बाजूला टाकायचे नाही. १० टक्के अमोनियम सल्फाइडच्या द्रावणात ते बुडवतात. गर्भ रुजून लगेच गेला असेल, तर त्या जागी साचलेल्या रक्तातल्या लोहामुळे काळे ठिपके उमटतात. द्रावणाला सडक्या अंड्याचा उग्र वास येतो आणि त्यातून निघणारा वायू विषारी असतो, म्हणून हे काम हवा ओढणाऱ्या कपाटातच करतात. ही पायरी गाळली की सगळे गर्भ लवकर मारणारे औषध ‘माद्यांना गर्भच राहिला नाही’ असे सोंग घेऊन निसटते.

रॅटची साधारण निम्मी पिल्ले आतल्या अवयवांसाठी आणि निम्मी सांगाड्यासाठी वाटतात. सशाची पिल्ले मोठी असल्याने प्रत्येकात दोन्ही बघता येते. सांगाड्यासाठी पिल्लू अल्कोहोलमध्ये ठेवून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात मांस पारदर्शक करतात. अलिझरीन रेडने हाडे लाल होतात आणि अल्शियन ब्ल्यूने कूर्चा निळी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये जास्त वेळ राहिले तर सांधे सुटून सांगाडा विखुरतो, आणि मग बरगड्या मोजणार कशा?

हृदयाच्या औषधासाठी सगळ्यात मोलाची असते ती हृदयाची तपासणी, आणि ती डोळ्यांची परीक्षा पाहते. २०व्या दिवशीचे रॅटचे पिल्लू चार ग्रॅमच्या आसपास असते. त्याचे हृदय ताजे असतानाच दुहेरी भिंगाखाली उघडतात. आधी न कापता मोठ्या वाहिन्या पाहतात: महाधमनी डावीकडे वळते का, फुप्फुसाची धमनी पुरेशी रुंद आहे का, दोघींना जोडणारी गर्भावस्थेतली नळी जागेवर आहे का. मग टोकापासून उजव्या कप्प्यातून फुप्फुसाच्या धमनीत जाणारा एक छेद, आणि डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाणारा दुसरा. खरी शोधाशोध महाधमनीच्या झडपेच्या लगेच खाली असते. दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा तिथला पातळ भाग सगळ्यात शेवटी बुजतो. तिथे भोक दिसले की दोन शंका घ्यायच्या. पाते बोथट असेल तर पडदा कापताना फाटतो. फाटलेली कड खडबडीत असते, जन्मजात भोकाची गुळगुळीत. आणि भोक खरे असले तरी, रॅटमध्ये या जागची बारीक भोके जन्मानंतर आपोआप बुजू शकतात. तपासणाऱ्याला पिल्लू कोणत्या गटातले आहे हे सांगत नाहीत, कारण जास्त डोसची चिठ्ठी पाहिली की नजर आपोआप जास्त भोके शोधू लागते.

प्रत्येक वेगळेपण म्हणजे व्यंग नव्हे. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधाने रॅटच्या पिल्लांच्या बरगड्या नागमोडी दिसतात, पण पिल्लू वाढताना त्या बहुधा सरळ होतात. जादा चौदावी बरगडी किंवा हाड घट्ट व्हायला झालेला उशीर हाही याच जातीचा प्रकार. अशा वेळी त्याच प्रयोगशाळेतल्या औषध न दिलेल्या माद्यांच्या जुन्या नोंदी काढून पाहतात.

आई ठणठणीत, गर्भाचे हृदय थांबलेले

डोफेटिलाइड हे ठोक्याचा ताल सुधारणारे औषध हृदयपेशीतल्या ‘हर्ग’ नावाच्या पोटॅशियम मार्गिकेला, म्हणजे पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याच्या दाराला, अडवते. रॅटमध्ये या गटातल्या औषधांनी चमत्कारिक निकाल दिला. गाभण मादी मजेत, खाणे नीट, हृदयालेखही जवळपास नेहमीसारखा, आणि पिल्लांत मात्र दुभंगलेली टाळू, तुटकी बोटे, हृदयाच्या पडद्यातली भोके. याचे कारण रॅटच्या वाढीत आहे. प्रौढ रॅटचे हृदय पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होताना हर्गवर फारसे अवलंबून नसते, वेगळ्या मार्गिका वापरते. पण गर्भाचे हृदय, १०व्या ते १४व्या दिवसांच्या आसपास, हर्गवरच चालते. ती अडली की ठोका मंदावतो, अडखळतो, मध्येच थांबतो. ऊतींना ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि ठोका परत सुरू झाल्यावर अचानक आलेला ऑक्सिजनही इजा करतो.

हे पडताळण्याची रीत बघण्यासारखी आहे. औषध रोज न देता एकाच दिवशी द्यायचे आणि व्यंग कुठे येते ते पाहायचे. ११व्या दिवसाच्या सुमारास दिले की ओठ व टाळूत, १३व्या दिवसाच्या सुमारास दिले की बोटांच्या टोकांत. दुसरी रीत म्हणजे गर्भ आवरणासकट बाहेर काढून ३७ अंशांवर, रॅटच्याच रक्तद्रवात फिरत्या बाटलीत वाढवायचा, त्यात औषध मिसळायचे आणि भिंगाखाली ठोके मोजायचे. इथे आईचा रक्तदाब मध्ये येतच नाही. ठोके तरीही पडले, तर नुकसान दुसऱ्या वाटेने, म्हणजे थेट गर्भाच्या हृदयावर झाले.

याउलट निफेडिपीनसारखे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध. रॅट आणि सशांच्या पिल्लांत त्यानेही बोटांची व्यंगे दिसली, पण ती गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटल्याने झाल्याचे मानले जाते. प्राण्यांचे डोस उपचाराच्या डोसपेक्षा पुष्कळ मोठे होते. आज डॉक्टर गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी निफेडिपीन देतात. बोटांचे व्यंग दोन्ही तक्त्यांत सारखेच लिहिलेले, अर्थ मात्र निराळा.

ज्या टप्प्यात प्राणी चकवतो

एनालाप्रिल हे एसीई रोधक गटातले, रक्तदाब उतरवणारे औषध. गाभण सशांना ते कमी डोसमध्येही जड गेले, पण सोबत मिठाचे पाणी दिल्यावर रोज किलोमागे ३ आणि १० मिलिग्रॅमला आई व गर्भ दोघांचाही त्रास टळला, ३० मिलिग्रॅमला टळला नाही. रॅटमध्ये १,२०० मिलिग्रॅमला पिल्लांचे वजन घटले, आणि मीठ दिल्यावर तेही घटेना. म्हणजे बराचसा परिणाम आईच्या शरीरातले क्षार आणि दाब यांच्यामार्फत आला होता. अवयव तयार होण्याच्या काळातल्या चाचणीत ठळक व्यंग नव्हते.

बायकांमध्ये मात्र गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत या औषधांनी गर्भाचे मूत्रपिंड बंद पाडले, गर्भजल आटवले, कवटीची हाडे कच्ची ठेवली. अमेरिकेत १९९२ मध्ये याबद्दल चौकटीतला कडक इशारा छापावा लागला. रॅटने हे आधी का सांगितले नाही? माणसाच्या गर्भाचे मूत्रपिंड जन्माआधीच, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत, आपली गाळणी पूर्ण करते. रॅटचे हेच काम जन्मानंतरही आठवडाभराहून अधिक चालू असते. १७व्या दिवशी डोस थांबवला, तर औषधाची आणि जागत्या मूत्रपिंडाची गाठच पडत नाही. अशा औषधासाठी जन्मानंतरची चाचणी महत्त्वाची. तिच्यात मादीला ६व्या दिवसापासून दूध पाजण्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे जन्मानंतर २०-२१ दिवस, औषध देतात आणि पिल्लांचे वजन, डोळे उघडणे, वयात येणे, शिकणे आणि त्यांची वीण पाहतात. पिल्लांना औषध केवळ दुधातून फार थोडे मिळत असेल, तर थेट पिल्लांनाच डोस देणारी वेगळी चाचणी करावी लागते.

पत्रकातली ओळ

शेवटी हे सारे औषधाच्या माहितीपत्रकातल्या दोन-तीन वाक्यांत मावते. अमेरिकेत १९७९ पासून गरोदरपणातला धोका सांगायला ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरे होती. २०१५ पासून नव्या नियमाने ती जाऊन वर्णन आले, आणि हे बरे झाले, कारण एका अक्षरात बोसेंटानचा ससा आणि डोफेटिलाइडचा उंदीर मावत नव्हते. वर्णनात पाहायचा आकडा म्हणजे अंतर: ज्या डोसला काहीच वाईट दिसले नाही, त्या डोसच्या वेळची प्राण्याची रक्तपातळी माणसाच्या पातळीच्या किती पट? एस५ च्या सूचनांनुसार १० पटींपेक्षा कमी असेल तर काळजी वाढते. परिणाम फक्त २५ पटींच्या वर दिसत असेल तर तो फारसा मनावर घेत नाहीत.

आयव्हाब्रॅडीनचे उदाहरण घ्या. ठोका ठरवणाऱ्या गाठीतल्या मार्गिकेला अडवून ते हृदय सावकाश करते. त्या मार्गिकेचा मुख्य प्रकार जनुकातूनच काढून टाकलेली छोट्या उंदराची (माउस) पिल्ले गर्भातच मरतात. त्याच्या युरोपातल्या पत्रकात लिहिले आहे की अवयव तयार होण्याच्या काळात, उपचाराच्या जवळपासच्या पातळीला, रॅटच्या जास्त गर्भांत हृदयाचे दोष आढळले आणि सशाच्या थोड्या गर्भांत बोटे अर्धवट होती. इथे ‘जवळपासच्या पातळीला’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. अंतर १० पट नाही, एकाच्या आसपास आहे. दोन जातींत परिणाम आहे, आणि औषधाच्या मूळ कामाशी तो जुळतोही. म्हणून हे औषध गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांनी ते घेत असताना खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे असे पत्रक सांगते.